पालखेडचे बाजीराव: सावध की आक्रमक?

थाळनेरकर:
थोरले बाजीराव म्हणजे आधी वार, मग विचार, ही समजूत चुकीची आहे. १७२७-२८ ची मोहीम नकाशावर बोट ठेवून पाहा. जालना-सिंदखेड लुटलं आणि बुऱ्हाणपूरवर जाणार अशी हूल उठवली. बुऱ्हाणपूर म्हणजे खानदेश सुभ्याचं मुख्य ठाणं. निजाम ते वाचवायला धावला, तोवर हे खानदेशातून गुजरातेत उतरले. पुढे निजाम पुण्याकडे वळला तरी हे पुण्याला आले नाहीत, उलट औरंगाबादेकडे निघाले. निजामाला मागे फिरावंच लागलं, जड तोफा मागे राहिल्या. २५ फेब्रुवारी १७२८ ला पालखेडला पाणी तोडून कोंडला. घोड्याला दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी लागतं. हजारो जनावरांचा तळ किती तग धरणार? ६ मार्चला मुंगी-शेवगावचा तह. तोफेच्या टप्प्यात फौज न नेता हे साधलं, म्हणून मी त्यांना सावध म्हणतो.

लळिंग:
पटत नाही भो. सावध सेनापती पुणं उघडं टाकून औरंगाबादेकडे जात नाही. शत्रूने कुठे धावायचं हे आपण ठरवणं हीच चढाई, मग तलवार उपसा वा न उपसा. खरा सावधपणा पानिपतला दिसतो. नोव्हेंबर १७६० पासून भाऊसाहेब खंदक खणून, गारद्यांच्या तोफा लावून बसले. सोबत बायकापोरं, यात्रेकरू, बाजारबुणगे. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले नि रसदेची उरलीसुरली आशा गेली. १४ जानेवारीला फौज उपाशीपोटी बाहेर पडली.

गिरणाकाठ:
मग दत्ताजी शिंद्यांचं काय? १० जानेवारी १७६०, बुराडी घाट. मल्हारराव वाटेत होते, ते येईतो मागे सरता आलं असतं. दत्ताजी यमुनेच्या उतारावरच भिडले. अफगाण बंदुका घेऊन लव्हाळ्यात दडलेले, आपल्याकडे भाले-तलवारी. शौर्यात तसूभर कमी नव्हते, पण जागा निवडली ती शत्रूने. त्यापेक्षा वडगाव बघा. १७७९ च्या जानेवारीत इंग्रज साधारण चार हजार शिपाई आणि एकोणीस हजार बैल घेऊन घाट चढले. महादजींनी पुढचा मुलूख उजाड केला, तळेगाव जाळलं, समोर ठाण मांडलंच नाही. शेवटी इंग्रजांनी जड तोफा तळ्यात टाकून रातोरात माघार घेतली आणि वडगावला वेढले गेले.

लळिंग:
वडगावला रखडले ते इंग्रज! एकोणीस हजार बैलांमागे चालणारी फौज दिवसाला मैलभरही जाईना. त्याच महिन्याच्या शेवटी इंग्रज सेनापती गॉडर्ड बुऱ्हाणपुरात पोचला. वडगावची बातमी तिथेच कळली. ६ फेब्रुवारीला निघाला तो खानदेश ओलांडून वीस दिवसांत सुरतेला, जवळपास तीनशे मैल. थबकला असता तर आपल्याच तापीकाठी अडकला असता. वेगानेच तो वाचला.

थाळनेरकर:
गॉडर्डचं नाव काढलंत, तर १७८१ही मांडा. तोच माणूस बोरघाटाच्या माथ्यावर तहाची वाट बघत बसला. हरिपंत फडके आणि तुकोजी होळकर घाटावर होते, पण तोफांसमोर आले नाहीत. परशुरामभाऊ पटवर्धनांनी खाली पनवेल-खंडाळा वाटेवरच्या रसदेच्या तांड्यांवर छापे घातले. एप्रिलमध्ये गॉडर्ड मागे फिरला तेव्हा पनवेलपर्यंत त्याचे चारशेहून अधिक लोक मेले-जखमी झाले.

लळिंग:
बसला म्हणूनच ना, दादा? आणि परशुरामभाऊंचे छापे तुम्ही सावधपणात कसे धरता?