इंडिकेटर लावला की टेललाइट पण लुकलुकतो, सेल्फ जड फिरतो. अर्थिंग असेल का?

आठशे_वाला (मालवण):
मंडळी नमस्कार. १९९७ ची मारुती ८०० आहे, कार्ब्युरेटरवाली, वडिलांनी घेतलेली. इंजिन अजून ठणठणीत पण लाइटला काहीतरी भूत लागलंय. डावा इंडिकेटर लावला की मागचा टेललाइट पण त्याच तालावर बारीक लुकलुकतो, ब्रेक दाबला की त्या बाजूचा लाइट उजळायच्या ऐवजी जवळजवळ विझतो, आणि सकाळी सेल्फ मारला तर असा जड फिरतो की वाटतं आता बसला. बॅटरी मे महिन्यातच नवीन टाकलीय. इथला एक इलेक्ट्रिशियन बघून म्हणाला सेल्फचं काम करा, केलं, कार्बन बुश सगळं नवीन, चार दिवस बरं वाटलं परत तेच रडगाणं. आता म्हणतो अख्खं वायरिंग बदला 😐
एकाने सांगितलं अर्थिंग बघ (म्हणजे बॉडी-इंजिनमधून बॅटरीच्या निगेटिव्हला करंट परत जायची वाट), म्हणून मल्टिमीटर बीपवर (तार जोडलेली असली की वाजतो तो) लावून निगेटिव्हपासून इंजिन, बॉडी सगळीकडे चेक केलं, सगळीकडे मस्त बीप येतो. म्हणजे अर्थिंग ठीकच ना? गणपतीला मुंबईची मंडळी येतायत, कुडाळ स्टेशनला आणायला हीच गाडी आहे.

पाना_दहाचा (रत्नागिरी):
बीपवर विश्वास ठेवू नकोस, सगळे तिथेच फसतात. बीपच्या टेस्टला मीटर अगदी चिमूटभर करंट सोडतो, तेवढा तर केबलची एक तार शिल्लक असली तरी आरामात जातो. सेल्फला शंभरच्या वर अँपिअर लागतात, ते त्या एका तारेतून कसे जाणार. अर्थ नेहमी लोड देऊन बघायचा.
मीटर डीसी २० व्होल्टवर ठेव. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, त्यावर आवळलेल्या केबलच्या क्लॅम्पवर नाही थेट शिशाच्या खुंटीवर, आणि लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर, रंगावर नको. इग्निशन कॉइलला (ठिणगीसाठीची) जाणारी १२ व्होल्टची वायर काढून ठेव म्हणजे इंजिन चालू न होता नुसतं फिरेल, गाडी न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, आणि घरातल्या कोणाला तरी सेल्फ मारायला सांग. २-४ सेकंद पुरे. मीटरवर ०.२ च्या आसपास आलं तर ठीक, ०.५ च्या वर गेलं म्हणजे तेवढे व्होल्ट वाटेतच कुठेतरी खाल्ले जातायत. मग लाल पिन एकेक पायरी मागे आण, आधी इंजिनवरचा लग (केबलच्या टोकाची धातूची कडी), मग केबल, मग बॅटरीचा क्लॅम्प. जिथे आकडा एकदम पडतो तिथे चोर.
इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे ती एक केबल किंवा वेणीसारखी पट्टी गेली की इंजिनला बॉडीशी धड जोडणारं काही उरत नाही. मग सेल्फचा करंट मिळेल त्या वाटेने परत जातो, कधी एक्सिलरेटर केबलमधून, कधी चोक केबलमधून. सेल्फ मारल्यावर त्या गरम लागतायत का हात लावून बघ.

वेंगुर्ल्याचो:
वायरिंग बिरिंग काय एक बदलू नको रे बाबा. एक सांग, डिकीत मासळी नेतंस काय?

आठशे_वाला:
नेतो म्हणजे काय, दर रविवारी 😄 त्याचा काय संबंध?

वेंगुर्ल्याचो:
तोच तर संबंध. पेटीतला बर्फाचा पाणी खारा, ता कार्पेटाखाली जाता आणि थयच बसता. मागच्या लाइटीचो अर्थ डिकीतच पत्र्याक स्क्रू मारून दिलेलो असता. माझ्या जुन्या गाडीत कार्पेट उचललंय तर स्क्रू हातात इलो, पत्रो बिस्किटासारखो. कार्पेट उचल आणि बघ.

पाना_दहाचा:
वेंगुर्लेकरांनी नेमकं बोट ठेवलं. टेल आणि ब्रेकचा बल्ब एकच असतो, २१/५ वॅट, आत दोन फिलामेंट पण अर्थ दोघांना मिळून एक. तो अर्थ तुटला की ब्रेकचा करंट टेलच्या फिलामेंटमधून उलटा घुसतो आणि दुसरीकडच्या बल्बमधून अर्थ शोधत फिरतो. म्हणून लाइट विझल्यासारखा दिसतो. भूत वगैरे काही नाही.

किनारा_राइड:
एवढी शोधाशोध कशाला, बॅटरीच्या निगेटिव्हवरून जाड वायर काढा, दोन-तीन ठिकाणी बोल्टला आवळा, वर ग्रीस थापा. माझं तसंच चाललंय ३ वर्षं.

पाना_दहाचा:
वायर वाढवायला माझी ना नाही पण रंगावर आवळलीस तर ती शोभेची वायर. आणि मूळ जागा आतून सडतच राहते. ग्रीस पण आधी नाही, नंतर. आधी पॉलिश पेपरने धातू चकचकीत कर, लगची खालची बाजू पण, दातेरी वॉशर टाक, घट्ट आवळ, मग वरून व्हॅसलिन किंवा ग्रीस. म्हणजे खारी हवा आत शिरत नाही. बाकी काम सुरू करताना निगेटिव्ह आधी काढायचा आणि लावताना शेवटी, हे विसरू नका, पाना पॉझिटिव्हवरून बॉडीला टेकला की दिवाळी.

आठशे_वाला:
अपडेट. रविवारी पावसाने उघडीप दिली, केलं काम. बायकोने सेल्फ मारला (दर वेळी विचारत होती गाडी चालू का होत नाही). इंजिनवर ०.९ व्होल्ट!! क्लॅम्प ठीक होता, आकडा पडला केबलच्या इंजिनकडच्या टोकाला. बाहेरून प्लास्टिक नवं कोरं दिसत होतं, चार इंच सोलल्यावर आतून हिरवी पावडर, मोजून ५-६ तारा जिवंत. म्हणून बीप येत होता. जंप केबल घरात होती ती बॅटरी निगेटिव्हपासून इंजिनला लावून बघितली, सेल्फ असा फिरला की मी दचकलोच. मग तेवढ्याच जाडीची नवीन केबल केली, लग नीट दाबून घेतले, आता ०.१५ येतंय.
डिकी उघडली तर वेंगुर्लेकर, तुमच्या पायांचो फोटो पाठवा, पाया पडतंय. डाव्या बाजूचा स्क्रू फिरवायला गेलो तर पत्र्यासकट बाहेर. टेललाइट लावून ब्रेक दाबल्यावर बल्बचा होल्डर ते बॅटरी निगेटिव्ह ३.८ व्होल्ट दाखवत होता. चांगल्या पत्र्यावर चार बोटं वर नवीन भोक पाडून अर्थ दिला, सडलेल्या जागेला गंज खरवडून प्रायमर मारला. लाइट एकदम लख्ख.
एक राहिलंय, हेडलाइट लावला की पेट्रोलचा आणि टेम्परेचरचा काटा दोन्ही एकदम हलतात.

पाना_दहाचा:
दोन्ही एकदम हलतात म्हणजे सेन्सर नाही, डॅशबोर्डवरच्या काट्यांच्या मीटरचा अर्थ असणार. डॅशबोर्डमागे बघ, काळी वायर कुठे आवळलीय ती. प्लास्टिकच्या कड्या जपून काढ, १९९७ चं प्लास्टिक आहे.

वेंगुर्ल्याचो:
आणि मासळीची पेटी आता प्लास्टिकच्या टबात ठेव. नायतर पुढच्या गणपतीक परत हयच भेटूया.