सिस म्हणजेच झेड?

प्रश्न : रेणूतल्या दोन कार्बनांमधल्या दुहेरी बंधाच्या कोणत्या बाजूला कोणता अणू किंवा अणुगट आहे, ते सांगणाऱ्या नावांबद्दल एका टिपणात 'सिस म्हणजे झेड (Z) आणि ट्रान्स म्हणजे ई (E)' असं वाचलं. तसं असेल तर एकाच गोष्टीला दोन-दोन नावं कशाला? आणि ही अक्षरं आली कुठून?

— अक्षरं जर्मनमधून आली. 'त्सुझामेन' म्हणजे एकत्र, त्याचा झेड. 'एन्टगेगेन' म्हणजे विरुद्ध, त्याचा ई. सिस-ट्रान्स लॅटिन आहेत, अलीकडे आणि पलीकडे. मराठीत समपक्ष-विपक्षही लिहितात, पण विपक्ष वाचलं की डोळ्यांसमोर आधी विरोधी बाकं येतात! रोमन ईच्या तिन्ही आडव्या रेघा एकाच बाजूला असल्यामुळे मुलं त्याचा अर्थ नेमका उलटा धरतात, तेवढं जपा.

— टिपणातलं समीकरण मात्र चूक आहे. सिस-ट्रान्स ठरवताना आपण सारखे गट बघतो. ब्यूट-2-ईनमध्ये दुहेरी बंधाच्या दोन्ही कार्बनांवर एक मिथिल (CH₃ गट), एक हायड्रोजन, काम सोपं. पण एका कार्बनवर ब्रोमीन आणि क्लोरीन, दुसऱ्यावर फ्लोरीन आणि हायड्रोजन असेल तर कोण कोणाच्या पलीकडे म्हणायचं? तिथे कान, इनगोल्ड आणि प्रेलॉग या रसायनशास्त्रज्ञांचे अग्रक्रमाचे नियम लागतात. दुहेरी बंधाच्या प्रत्येक कार्बनला थेट जोडलेल्या दोन अणूंपैकी ज्याचा अणुअंक मोठा, तो वरचढ. ब्रोमीन 35, क्लोरीन 17. फ्लोरीन 9, हायड्रोजन 1. ब्रोमीन आणि फ्लोरीन हे दोन वरचढ एका बाजूला असले की झेड, विरुद्ध बाजूंना असले की ई.

प्रश्न : पण जिथे दोन्ही पद्धती चालतात, तिथे तरी सिस म्हणजे झेड ना?

— तिथेही भरवसा नाही. 2-क्लोरोब्यूट-2-ईन काढून बघा. दुसऱ्या कार्बनवर क्लोरीन आणि मिथिल, तिसऱ्यावर मिथिल आणि हायड्रोजन. दुसऱ्यावर क्लोरीन जिंकतं, तिसऱ्यावर मिथिल. हे दोघे एका बाजूला आले की नाव झेड. पण मग दोन्ही मिथिल विरुद्ध बाजूंना जातात, म्हणजे कार्बनांच्या मुख्य साखळीच्या हिशेबाने तोच रेणू ट्रान्स!

— म्हणून परीक्षेत संदिग्धता नको असेल तर ई-झेडच लिहावं. बोलण्यातून सिस-ट्रान्स जाणार नाहीत. ट्रान्स फॅटला ई-फॅट कोण म्हणतं? जुनी नावं तर आणखी चिवट. मॅलेइक आणि फ्युमॅरिक आम्ल एकमेकांचे भूमितीय समघटक, म्हणजे अणू आणि बंध तेच, फक्त गटांच्या बाजू वेगळ्या, हे नावांवरून ओळखू येत नाही. तापवल्यावर मात्र कळतं : मॅलेइकचे दोन्ही कार्बोक्सिल (COOH) गट एकाच बाजूला, म्हणजे झेड, त्यामुळे पाणी सहज निघून त्याचं अनहायड्राइड बनतं. फ्युमॅरिकचे गट विरुद्ध बाजूंना, ते तसं सहजी बधत नाही.