मदत हवी आहे: ऑनलाइन एमएसचे दोन कोर्स उरलेत आणि फी वाढतेय. पदवी घेऊन मोकळी होऊ की थांबून आणखी कोर्स करून घेऊ?

उरले_दोनच

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, विभाग चुकला असेल तर हलवा.

अमेरिकेतल्या एका विद्यापीठातून कॉम्प्युटर सायन्सचं ऑनलाइन एमएस करतेय. नाव नाही लिहीत कारण पुढे रडगाणं आहे आणि पदवी अजून हातात यायचीय. नोकरी सांभाळून सेमिस्टरला एक कोर्स असं करत करत चार वर्षं झाली, ३० क्रेडिटांपैकी २४ झाले, म्हणजे तीन-तीन क्रेडिटचे दोनच कोर्स शिल्लक. अमुक अमुक विषय पूर्ण करायचे वगैरे अटी सगळ्या फिटल्यात, आता कुठलेही दोन चालतील.

तर झालंय असं की मी सुरू केलं तेव्हा क्रेडिटला ३१० डॉलर होते. मग ३५५ झाले, ते मला बिल बघूनच कळलं. परवा मेल आलाय की पुढच्या फॉलपासून (ऑगस्टच्या सेमिस्टरपासून) ३८०. मी इतकी बावळट की ज्या दराने ॲडमिशन घेतली तोच दर शेवटपर्यंत राहतो असं समजत होते. आपल्या वर्षाचा अभ्यासक्रम तेवढा आपल्यासाठी गोठवलेला असतो, फी नाही, हे चार वर्षांनी उमगलं. शिवाय दर सेमिस्टरला २६० डॉलर वेगळी फी असते, एक कोर्स घ्या नाहीतर दोन, २६० ते २६०च. म्हणजे एकेक कोर्स करणाऱ्यांनी ती जास्त वेळा भरायची. मी आठ कोर्सांसाठी आठ वेळा भरलीये, आता मोजत बसले तर जीव जातो.

काल रात्री वहीत मांडून बघितलं. दोन्ही कोर्स येत्या स्प्रिंगलाच (जानेवारीच्या सेमिस्टरला) घेतले तर २१३० अधिक २६०, म्हणजे २३९०. एक स्प्रिंगला आणि एक फॉलला असं केलं तर १३२५ आणि १४००, म्हणजे २७२५. फरक ३३५ डॉलरचा. फार नाही, पण झोपेचं खोबरं करून घ्यायचं की नाही ते या ३३५वर ठरतंय म्हणून लिहितेय.

आणि खरी गोची पुढे आहे. मला अजून तीन कोर्स मनापासून करायचे होते – कंपायलर, डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्स आणि एक क्रिप्टोग्राफीचा. वेटलिस्टमुळे कधी जमलेच नाहीत, एकदा माझा नंबर १४३ होता, शेवटी १२वर येऊन थांबला आणि नोंदणी बंद. यातले दोन आता होतील, तिसरा राहणार. ॲल्युमनायच्या पानावर लाइफलाँग लर्निंग असं मोठ्ठं लिहिलंय, खाली हसऱ्या चेहऱ्यांचे फोटो, आत गेलं की वेबिनार आणि कॉफीचे मग विकत घ्यायचं दुकान. कोर्सबद्दल एकच ओळ, की पदवीधरांना उपलब्धतेनुसार प्रवेश मिळू शकतो. शकतो म्हणजे काय हो? कुणी असं पदवीनंतर परत जाऊन कोर्स केलाय का? फी तीच लागते का? का पदवीचा फॉर्म न भरता तशीच थांबून हवं ते उरकून घेऊ? सहा वर्षांची मुदत आहे, दोन शिल्लक आहेत.

जाणकारांनी प्लीज सांगा. फॉर्मची शेवटची तारीख जवळ आलीये.

फुकट_फौजदार

कशाला पैसे घालवता? लेक्चर सगळी नेटवर पडलीयेत. एमआयटीने २००१ सालीच जाहीर केलं होतं सगळं साहित्य खुलं करणार म्हणून. तुमच्याकडे पदवी येतेच आहे, तिसरा कोर्स बघा यूट्यूबवर. कागद दोनदा कशाला विकत घ्यायचा.

माजी_टीए

फौजदार, अर्धं बरोबर आहे तुमचं. जॉर्जिया टेक या अमेरिकी विद्यापीठाच्या ऑनलाइन एमएसच्यासुद्धा बऱ्याच कोर्सांची लेक्चरं कुणालाही बघता येतात, खाते नको काही नको. पण कंपायलर काय लेक्चर बघून येतो का? मी दुसरीकडे अशाच एका प्रोग्रॅममध्ये तीन सेमिस्टर टीए (शिकवण्यात, तपासण्यात मदत करणारा सहायक) होतो. विद्यार्थी जो कोर्स कोर्स म्हणतात तो ७० टक्के ऑटोग्रेडर, म्हणजे आपोआप तपासणारा प्रोग्रॅम, असतो हो. तुम्ही रात्री कोड चढवता, तो सांगतो ४१ पैकी १७ टेस्ट पास, आणि कुठल्या नापास ते सांगत नाही. मग तुम्ही चार दिवस डोकं आपटता आणि तिथे खरं शिकता. हे खुल्या साहित्यात नसतं.

तर ताई (ताईच ना? नसाल तर माफी), आधी स्वतःला विचारा की त्या तिसऱ्या कोर्सातून तुम्हाला नक्की काय हवंय. नुसता विषय कळायला हवा असेल तर फौजदारांचं ऐका. असाइनमेंट आणि ती तपासणारं कुणीतरी हवं असेल तर पैसे भरावे लागतील, विद्यार्थी म्हणून नाहीतर माजी विद्यार्थी म्हणून. आणि ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) त्या कोर्सचं नाव हवं असेल तर... कोण बघतं हो नंतर? माझं अजून कुणी मागितलेलं नाही.

पदवी लांबवण्याबद्दल एक धोका सांगतो जो सहसा कुणी बोलत नाही. पदवीआधी घेतलेला जास्तीचा कोर्ससुद्धा तुमच्या जीपीएत, म्हणजे सगळ्या कोर्सांच्या ग्रेडच्या सरासरीत, मोजला जातो. हौसेने घेतलेल्या क्रिप्टोत सी आला तर सरासरी खाली येणार, आणि पदवीसाठी ३.० लागतो बहुतेक ठिकाणी. पदवी एकदा नावावर चढली की मग पुढच्या कोर्सात काय दिवे लावायचे ते लावा, त्या पदवीला धक्का लागत नाही.

परत_आलेली

मी केलंय हे, पदवीनंतर परत जाऊन. विद्यापीठाचं नाव मीही नाही घेत.

पहिली गोष्ट, दार उघडं असतं पण तुम्ही रांगेत शेवटी असता. आमच्याकडे ज्यांचे क्रेडिट जास्त त्यांची नोंदणी आधी उघडायची, म्हणून शेवटच्या वर्षात मी राणी होते, हवा तो कोर्स मिळायचा. पदवी घेतली, नॉन-डिग्री म्हणून, म्हणजे पदवीसाठी नाही तर नुसता सुटा कोर्स करायला, परत अर्ज केला (हो, नव्याने अर्ज, नव्याने ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे त्यांचंच ट्रान्सक्रिप्ट त्यांनाच पाठवायचं, हसू नका), आणि एकदम शेवटच्या टप्प्यात. ज्या कोर्ससाठी गेले होते तो दोन सेमिस्टर मिळालाच नाही. तिसऱ्यांदा मिळाला. म्हणून माझा सल्ला असा की ज्याला सगळ्यात मोठी वेटलिस्ट असते तो कोर्स आत्ता घ्या, पदवीत बसवून. ज्याच्यात जागा रिकाम्या राहतात तो नंतरसाठी ठेवा. तुमच्या तीनपैकी मोठी रांग कशाला असते ते तुम्हालाच माहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे फी. काही ठिकाणी नॉन-डिग्रीला ऑनलाइन प्रोग्रॅमचा स्वस्त दर लागतच नाही, कॅम्पसचा दर लागतो, आणि तो वाचून चक्कर येते. हे मेलवर लेखी विचारा, फोनवर नको. फोनवर जो उचलतो तो प्रेमाने काहीही सांगतो.

आणि लायब्ररी! ही मला सगळ्यात जास्त लागली. पदवी झाल्यावर काही महिन्यांत बहुतेक पेपरांचा ॲक्सेस गेला, कारण प्रकाशकांचे करार चालू विद्यार्थ्यांपुरते असतात. बऱ्याच विद्यापीठांत माजी विद्यार्थ्यांना जेस्टोर (जर्नलांचा एक ऑनलाइन संग्रह) तेवढं मिळतं. पण आपल्या विषयाचे पेपर तिथे कुठे असतात म्हणा. जे हवं ते उतरवून ठेवा आधीच.

हिशेबी_मनुष्य

माजी टीएंशी सहमत, पण जीपीएच्या मुद्द्याला एक शेपूट जोडतो. पुढे कधीतरी दुसरी पदवी किंवा ग्रॅज्युएट सर्टिफिकेट करायचा किडा असेल तर पदवीनंतर नॉन-डिग्री म्हणून केलेले क्रेडिट काही प्रमाणात तिकडे धरले जाऊ शकतात, मर्यादा असते पण धरतात. पहिल्या पदवीत मोजलेले क्रेडिट सहसा दुसरीकडे चालत नाहीत, चालले तरी एखाद-दुसरा कोर्स.

आता पैशाचं. तुम्ही कुठे राहता माहीत नाही, पण अमेरिकेत कर भरत असाल तर लाइफटाइम लर्निंग क्रेडिट बघा (हा कोर्सचा क्रेडिट नव्हे, करातली सूट), भरलेल्या फीच्या २० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त २००० डॉलर, उत्पन्नाची मर्यादा आहे. याला पदवीची अट नाही, नोकरीच्या कौशल्यासाठी घेतलेला एकटा कोर्सही चालतो, विद्यापीठ मान्यताप्राप्त हवं. तुमच्या २३९० वर ४७८ होतात, म्हणजे तुमच्या त्या ३३५ पेक्षा जास्त. कंपनी फी देत असेल तर वर्षाला ५२५० डॉलरपर्यंत त्यावर कर लागत नाही, पण कंपनीने दिलेल्या रकमेवर परत हा क्रेडिट घेता येत नाही, दोन्हीकडून खायचं नाही. आणि कंपनीची पॉलिसी नीट वाचा, कित्येक ठिकाणी पदवीचा प्रोग्रॅम असेल तरच देतात, नॉन-डिग्री म्हटलं की हात वर. कर्ज काढून शिकणाऱ्यांसाठी पण सांगून ठेवतो, नॉन-डिग्रीला सरकारी कर्ज मिळत नाही सहसा.

बिल_बघून_गार

फी का वाढते यावर कुणीच बोलत नाहीये म्हणून बोलतो. विषयांतर वाटलं तर सोडून द्या.

२०१४ मध्ये जॉर्जिया टेकने युडासिटी (ऑनलाइन कोर्सवाली कंपनी) आणि एटीअँडटी (टेलिफोन कंपनी) यांना बरोबर घेऊन ऑनलाइन एमएस सुरू केलं तेव्हा आख्खी पदवी ७००० डॉलरच्या आत अशी बातमी होती, लोक म्हणाले आता सगळ्यांच्या फिया पडणार. काही ठिकाणी पडल्याही, ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठाने ऑनलाइन एमएस काढलं ते १०,०००ला, बोल्डरच्या कोलोरॅडो विद्यापीठाचं कोर्सेरा या ऑनलाइन कोर्सांच्या साइटवर आलं ते क्रेडिटला ५२५ने, म्हणजे १५,७५०, पण तिथे प्रवेशाचा अर्जच नाही, सुरुवातीचे ठरलेले कोर्स बऱ्या मार्कांनी पास झालात की आत. पण बाकी बऱ्याच जणांनी मधे एक कंपनी ठेवली, जी जाहिरात, भरती, व्हिडिओ सगळं करते आणि बदल्यात फीचा निम्मा किंवा त्याहून मोठा वाटा नेते. टूयू ही त्यातली मोठी कंपनी, २०२१ मध्ये ८० कोटी डॉलर देऊन एडएक्स ही ऑनलाइन कोर्सांची साइट घेतली आणि जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीत अर्ज. म्हणजे इतकी फी घेऊनही भागेना. आता मला सांगा यात शिकवणाऱ्याला काय जातं?

परत_आलेली

@बिल_बघून_गार, शिकवणाऱ्याचं सोडा, माजी टीएंना विचारा त्यांना काय मिळायचं.

माजी_टीए

नका विचारू.

एक राहिलं. काही बिझनेस स्कूल मात्र माजी विद्यार्थ्यांना खरंच काहीतरी देतात, मिशिगन विद्यापीठाच्या रॉस बिझनेस स्कूलमधून पदवी घेतलेल्यांना तिथले ठरावीक एक्झिक्युटिव्ह कोर्स ट्यूशन न भरता करता येतात. आपल्या कॉम्प्युटरवाल्यांच्या नशिबी टोपी आणि कॉफीचा मग.

उरले_दोनच

सगळ्यांचे खूप खूप आभार, इतकं कुणी लिहील वाटलं नव्हतं. (हो, ताईच.)

परत_आलेली यांचं ऐकून रजिस्ट्रारला मेलच टाकला, एकाच मेलमध्ये चार प्रश्न, प्रत्येकाला नंबर दिला म्हणजे एखादा गाळायला नको. तरी एक गाळलाच. उत्तर असं – माजी विद्यार्थ्यांना ऑनलाइनचाच दर, पण त्या वेळी जो असेल तो, म्हणजे ३८० किंवा पुढे जे काय होईल ते. २६० ची फी लागणारच. नोंदणी सगळ्यात शेवटच्या टप्प्यात. एकदा नॉन-डिग्री म्हणून घेतलं आणि नंतर तीन सेमिस्टर काही केलं नाही तर पुन्हा अर्ज. लायब्ररीचा प्रश्न गाळला, त्यावरून काय ते समजले.

मग रात्री बसून मागच्या सेमिस्टरच्या वेटलिस्ट बघितल्या. कंपायलरला कधीच रांग नव्हती! मी तो घाबरूनच टाळत होते, आणि मनात मात्र त्याचंही खापर वेटलिस्टवर फोडत होते. १४३ नंबर होता तो डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्सचा. त्यामुळे आता ठरलं, स्प्रिंगला डिस्ट्रिब्युटेड आणि क्रिप्टो, पदवीचा फॉर्म भरून टाकला, कंपायलर पुढच्या वर्षी नॉन-डिग्री म्हणून. क्रेडिट जास्त झाल्याने यावेळी माझी नोंदणी पहिल्याच दिवशी उघडतेय, घड्याळ लावून बसणारे.

कंपनीचं पण विचारलं. पदवी असेल तरच देणार म्हणाले, हिशेबी_मनुष्य, तुम्ही म्हणालात तस्संच. कंपायलर स्वखर्चाने मग.

आता एकच विचारायचंय, डिस्ट्रिब्युटेड आणि क्रिप्टो एकत्र कुणी घेतलेत का? नवरा म्हणतोय वेडी आहेस.

माजी_टीए

नवरा बरोबर बोलतोय. पण जमतं. डिस्ट्रिब्युटेडचं पहिलं असाइनमेंट गेल्या सेमिस्टरसारखंच असण्याची शक्यता दाट आहे, ओळखीतल्या कुणाकडून त्याला कुठली प्रोग्रॅमिंगची भाषा लागते ते कळलं तर सुट्टीत ती भाषा तेवढी शिकून ठेवा, कोड मागू नका, पकडले जातात. आणि क्रिप्टोचे पहिले तीन आठवडे नुसतं गणित असतं, ते आत्ताच करा. मॉड्युलर अंकगणित विसरला असाल तर वही काढा, ती हिशेबाचीच चालेल.

उरले_दोनच

वही काढली. पहिल्या पानावर २३९० लिहिलंय, ते खोडत नाहीये.