मदत हवी आहे: ब्रेकचं पेडल मऊ, चार वेळा एअर काढून झाली, रविवारी फेरी आहे

ट्यूबचेसिस
ब्रेकचं पेडल दाबलं की जवळजवळ पायाखालच्या पत्र्याला टेकतं. चारही चाकांची एअर चार वेळा काढली, दीड लिटर ब्रेक ऑइल संपलं, तरी निपलमधून (एअर काढायच्या पोकळ स्क्रूमधून) बुडबुडे येतातच. गळती नाही. सगळे सांधे पुसून, खाली कोरा कागद टाकून रात्रभर ठेवले, एक थेंब नाही. सगळं नवीन आहे. रविवारी सगळ्यांची एकत्र फेरी ठरली आहे आणि मी स्वतः किटमधून बांधलेली गाडी पहिल्यांदाच रस्त्यावर येणार आहे. नेमकं काय राहिलंय ते सांगा. ब्लीड कसं करायचं, म्हणजे एअर कशी काढायची, ते नको, ते येतं.

नळकांडे
किट कुठलं, डोनर (जिचे भाग वापरले ती गाडी) कुठली, मास्टर सिलिंडरचा (पेडलने ऑइल ढकलणाऱ्या पंपाचा) व्यास किती, सर्व्हो (पायाचा जोर वाढवणारा डबा) आहे का, कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे) कुठले, पाइपची टोकं स्वतः फ्लेअर केलीत (सांध्यासाठी फुलवलीत) की तयार आणलीत, एअर पायाने काढली की पंपाने? 'सगळं नवीन' यावरून काहीच कळत नाही. नवा भाग उलटा बसवला तर तो उलटाच असतो. चाकं काढून चारही कॅलिपरचे फोटो टाका.

सातनंबरी
डोनरचा सर्व्हो काढून टाकला असणार. सर्व्हो बसवा, प्रश्न मिटेल. किट गाड्यांमध्ये जागा वाचवायला सगळे तो काढतात आणि मग ब्रेकच्या नावाने ओरडतात.

नळकांडे
@सातनंबरी, असहमत. सर्व्हो नसला तर पेडल कडक लागतं, मऊ नाही. मऊ पेडलवर सर्व्हो लावला तर पाय आणखी सहज खाली जाईल आणि दोष झाकला जाईल. सहाशे किलोच्या आसपासच्या गाडीला पेडलच्या तरफेचं गुणोत्तर ५:१ ते ६:१ आणि योग्य व्यासाचा मास्टर एवढं पुरतं.

ट्यूबचेसिस
लोटस सेव्हनच्या धर्तीवरची हलकी उघडी गाडी, डोनर पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५. सर्व्हो नाही. मास्टर सिलिंडर नवा, ३/४ इंची. कॅलिपर चारही डोनरचे, सील नवे. पाइप तांबे-निकेलचे ४.७५ मिमी, फ्लेअर मीच केले. होज (चाकाकडच्या लवचिक नळ्या) ब्रेडेड, म्हणजे वरून स्टीलची जाळी असलेले. ऑइल डॉट ४. एअर हातपंपाने ओढून काढली, निपलला व्हॅक्यूम लावून. फोटो संध्याकाळी.

मापात_पाप_नको
दोन गोष्टी लगेच सांगतो.

एक, व्हॅक्यूमने ओढताना दिसणारे बुडबुडे पुष्कळदा खोटे असतात. निपल सैल केला की त्याच्या आट्यांच्या फटीतून बाहेरची हवा नळीत येते. दहा लिटर ऑइल ओतलंत तरी ते थांबणार नाहीत. निपलच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे दोन वेढे द्या, टोकाचा निमुळता भाग आणि आडवं भोक मोकळं ठेवून. बुडबुडे बंद झाले तर ती हवा आतली नव्हती.

दोन, डोनरचा मूळ मास्टर ७/८ इंची, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ३८८ चौ. मिमी. तुमचा ३/४ इंची, सुमारे २८५. तेवढंच ऑइल ढकलायला आता पेडल ३६ टक्के जास्त सरकणार. हा दोष नाही, सर्व्हो नसताना हाच व्यास योग्य. पण त्यामुळे मागे कुठेही ढिलाई असली तर ती पेडलवर तेवढीच मोठी होऊन येते.

गॅरेजमधला
चारही होज क्लँपने दाबून बंद करा. मग पेडल दाबत एकेक सोडत जा. ज्याचा क्लँप काढल्यावर पेडल खाली जाईल त्या चाकात दोष. पाच मिनिटांचं काम.

नळकांडे
थांबा! ब्रेडेड होजला क्लँप कधीही लावू नका. आतली टेफ्लॉनची नळी चिरडली की परत गोल होत नाही, आणि वरच्या जाळीमुळे ते बाहेरून दिसतही नाही. रबरी होजला चालतं, याला नाही. एकेक सर्किट बंद करायचंच असेल तर मास्टरवरचा पाइप काढून तिथे बंद प्लग लावा. प्लग फक्त त्याच आट्यांचा. ३/८ इंच यूएनएफचा (इंची आट्यांचा) नट एम१० बाय १ च्या (मिमी आट्यांच्या) भोकात हाताने फिरतो, बसल्यासारखा वाटतो आणि जोर दिला की आटे सोलून निघतात.

गॅरेजमधला
बरोबर, ब्रेडेड लिहिलेलं वाचलंच नाही. प्लगवाली पद्धत करा.

मापात_पाप_नको
त्याआधी नुसत्या पायाने बघा. इंजिन बंद, एकदा दाबा, सोडा, लगेच पुन्हा दाबा. तीन शक्यता आहेत. दुसऱ्या दाबाला पेडल वर आलं आणि लाकडासारखं घट्ट लागलं, तर पॅड डिस्कपासून लांब बसतायत. वर आलं पण स्प्रिंगसारखंच लागलं, तर हवा. आणि पाय तसाच दाबून धरल्यावर हळूहळू बुडत गेलं, तर मास्टरचं आतलं सील किंवा गळती. यापलीकडे फारसं काही नसतं, फक्त पेडलबॉक्सचा पत्रा वाकत नाहीये ना ते दुसऱ्या माणसाला दाबायला लावून डोळ्यांनी बघा.

वळणवेडा
अवांतर, पण उपयोगी: रविवारी पहिल्यांदा येताय तर टायरमध्ये डोनरच्या पुस्तकातली हवा भरू नका. एमएक्स-५ ला २६ पीएसआय सांगितलेत ते जवळपास हजार किलोच्या गाडीसाठी. तुमच्या गाडीला १८ ते २० पासून सुरुवात करा. २६ वर टायरचा मधलाच पट्टा टेकतो, गाडी खड्ड्यावरून उडी मारते आणि ओल्या रस्त्यावर पुढची चाकं ब्रेकला लगेच घसरतात.

ट्यूबचेसिस
हवेचं नंतर बघू. दुसऱ्या दाबाला पेडल बरंच वर येतं, पण तरी मऊच. धरून ठेवलं तर बुडत नाही. पत्रा वाकत नाही. टेप लावल्यावर पुढचे बुडबुडे बंद झाले, मागचेही. मग हवा कुठे आहे? फोटो टाकले आहेत.

नळकांडे
फोटोत उत्तर आहे. मागच्या दोन्ही कॅलिपरचा निपल खाली आहे आणि होजचा सांधा वर. डावा-उजवा अदलाबदल झालीय. हवा वर जमते, निपल तळाला, म्हणून तुम्ही कितीही ऑइल ओढा, वरचा हवेचा कप्पा तसाच राहतो.

ट्यूबचेसिस
अदलाबदल मुद्दाम केली आहे. हँडब्रेकची केबल मधल्या बोगद्यातून सरळ यावी म्हणून. हे लिहायचं सुचलं नाही, निपल कुठे गेला याकडे लक्षच गेलं नाही. आता रविवारच्या आत काय करता येईल?

गॅरेजमधला
कॅलिपर सोडवा, होज लावलेलाच राहू द्या, निपल वर येईल असा हातात धरा. दोन पॅडच्या मध्ये डिस्कच्या जाडीएवढी फळी घाला, नाहीतर पिस्टन बाहेर येईल. त्या स्थितीत एअर काढा, पायाने, सावकाश. मधून मधून रबरी हातोडीने कॅलिपरवर हलकं ठोका, कडेला चिकटलेले बारीक बुडबुडे सुटतात. होजवर वजन येऊ देऊ नका.

नळकांडे
हे रविवारपुरतं. नंतर कॅलिपर आपापल्या बाजूला न्या आणि लांब केबल घ्या. दर वेळी ऑइल बदलताना कॅलिपर सोडवायला लागणं हा ब्रेकसाठी चुकीचा आराखडा आहे. एक दिवस कंटाळा येईल आणि बसल्या जागीच ब्लीड होईल.

सातनंबरी
डॉट ५ सिलिकॉन भरलं असतं तर दर दोन वर्षांनी बदलायची कटकटच नसती. रंगही खराब होत नाही.

मापात_पाप_नको
@सातनंबरी, डॉट ५ ओतताना बारीक हवा धरून ठेवतं, मऊ पेडलच्या धाग्यावर ते सुचवू नका. शिवाय डॉट ४ मध्ये ते मिसळत नाही, सगळी सिस्टिम धुवावी लागेल. बदल हवाच असेल तर डॉट ५.१. नाव सारखं असलं तरी ते ग्लायकोलचंच, डॉट ४ बरोबर चालतं. कोरडा उत्कलनबिंदू किमान २६० अंश, डॉट ४ चा २३०.

@ट्यूबचेसिस, दुसऱ्या दाबाला पेडल 'बरंच वर' येतंय, ते सगळं हवेमुळे नाही. मागच्या कॅलिपरचं हँडब्रेकचं ॲडजस्टमेंट केलंत का? एमएक्स-५ मध्ये पिस्टन मागून स्क्रूने पुढे आणावा लागतो. आधी हँडब्रेकची केबल पूर्ण सैल. कॅलिपरच्या मागच्या बाजूला १४ मिमी डोक्याचा बोल्ट आहे, तो काढा, आत ४ मिमी ॲलन की बसते. घड्याळाच्या दिशेने फिरवत पॅड डिस्कला घट्ट धरेपर्यंत आणा, मग एक तृतीयांश फेरा मागे. चाक हाताने मोकळं फिरलं पाहिजे. दोन्ही बाजूंना सारखं. केबल सगळ्यात शेवटी ताणायची. केबल ताणून पॅडचं अंतर भरून काढलं तर आतली यंत्रणा अर्धवट ओढलेली राहते.

ट्यूबचेसिस
नाही केलं. केबलच ताणली होती.

वळणवेडा
फेरीबद्दल, कारण नव्यांना कुणी सांगत नाही. पुढच्याच्या मागे धावायचं नाही. प्रत्येकाने आपल्या मागच्या गाडीवर लक्ष ठेवायचं. वळणावर मागची दिसेपर्यंत थांबायचं, ती आली की निघायचं. एवढ्याने पंधरा गाड्यांतली एकही चुकत नाही. नवीन बांधलेली गाडी पुढून दुसरी, म्हणजे वेग पुढचा ठरवतो आणि काही सैल झालं तर मागच्यांना दिसतं. आणि ब्रेक झाले नाहीत तर गाडीशिवाय या, शेजारची सीट रिकामी आहे. खरंच या, सगळे वाट बघतायत.

ट्यूबचेसिस
कॅलिपर हातात धरून एअर काढली, डाव्यातून पेडलच्या तीन दाबांपर्यंत नुसती हवा आली. ॲलन कीने ॲडजस्ट केलं, डावीकडे जवळजवळ सव्वा फेरा लागला. आता पेडल एक तृतीयांशावर घट्ट लागतं. आवारात दहा मिनिटं चालवली आणि परत पहिला दाब लांब, दुसरा ठीक. आता स्पंजी अजिबात नाही.

मापात_पाप_नको
आता हे पॅड मागे ढकलले जाणं आहे. डिस्क सरळ फिरत नाही, प्रत्येक फेऱ्याला पॅडला धक्का देते. बेअरिंगचा खेळ बघा आणि डायल गेज (डिस्क किती डगमगते ते मिमीत मोजायचं घड्याळ) लावा. टोक डिस्कच्या बाहेरच्या काठापासून १० मिमी आत, डिस्क नटांनी हबवर (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात त्यावर) आवळलेली. ०.१ मिमीच्या वर गेलं तर कारण सापडलं. हबला पावडर कोटिंग केलंय का?

ट्यूबचेसिस
हो, हब आणि अपराइट (हब धरणारा भाग) दोन्ही, काळं. पुढचं उजवं ०.२४, डावं ०.०७. बेअरिंग ठीक.

मापात_पाप_नको
डिस्क बसते ती पूर्ण जागा आणि मधला उंचवटा उघड्या धातूपर्यंत आणा. कोटिंगचा थर सगळीकडे सारखा नसतो, कडेला जाड बसतो, आणि हबवरचे थोडे मायक्रॉन डिस्कच्या काठावर जाईपर्यंत दुप्पट होतात. ग्राइंडर नको, धातू खाईल. रंग काढायचं रसायन लावा, मग सपाट ठोकळ्यावर पॉलिश पेपर. चाकाचे नट बसतात तिथलाही रंग काढा. कोटिंग दाबलं गेलं की नट आपोआप सैल होतात, आणि हे पहिल्याच फेरीत होतं.

ट्यूबचेसिस
घासलं. उजवं आता ०.०५, डावं ०.०४. वीस मिनिटं चालवून आलो, पहिल्याच दाबाला पेडल वर आणि घट्ट. लांब केबल मागवली आहे, आली की कॅलिपर अदलाबदल करतो. सगळ्यांचे मनापासून आभार, खास करून नळकांडे आणि मापात_पाप_नको यांचे.

नळकांडे
छान. आता दोन गोष्टी. पेडल सोडल्यावर पुशरॉडला (पेडल आणि मास्टरमधल्या दांड्याला) मिलिमीटरभर खेळ आहे ना ते बघा. नसेल तर मास्टरचं परतीचं छिद्र बंद राहतं, ऑइल गरम झालं की ब्रेक आपोआप धरायला लागतात. आणि पॅड नवे असतील तर शनिवारीच डिस्कवर घासून मुरवून घ्या: ताशी ५० वरून १५ पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा, मध्ये थोडं चालवत, आणि गरम असताना पेडल दाबून उभं राहायचं नाही.

सातनंबरी
पुढे मागे सर्व्हो लावायचा असेल तर जागा ठेवा एवढंच म्हणतो. रविवारी भेटू.

वळणवेडा
पुढून दुसरी जागा तुमची. चाकाचे नट वीस किलोमीटरवर थांबून सगळे मिळून तपासू, टॉर्क पाना मी आणतो. सॉकेट तुमच्या मापाचं तुम्ही आणा.

ट्यूबचेसिस
२१ मिमी. आणतो.