दुभाषा पंधरा दिवसांत तयार होत नाही

वर्धेकर:
काल पुसदकरांनी लिहिलं, "खुणांची भाषा शिकायला कॉलेज कशाला? आमच्या गावात मुका पोरगा आहे, पानठेल्यापासून राशन दुकानापर्यंत सगळे त्याच्याशी बोलतात. दुभाष्याचा दोन वर्षांचा डिप्लोमा सोडा, आशाताईंना पंधरा दिवसांचं ट्रेनिंग द्या, काम भागेल." रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

माझे आईबाबा दोघंही कर्णबधिर. घरात ऐकू येणारी मी एकटी. सातव्या वर्षापासून बँकेत, तलाठ्याकडे, दवाखान्यात मीच. बारा वर्षांची असताना आईला एका खासगी दवाखान्यात नेलं. डॉक्टर मला म्हणाले, गर्भपिशवी काढावी लागेल, विचार तिला. गर्भपिशवी म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं. मी खुणेनं सांगितलं, पोट कापतील, दुखणं थांबेल. आईनं मान हलवली, कागदावर अंगठा दिला. आता मूल होणार नाही हे तिला दीड वर्षानं मावशीकडून कळलं. तिला अजून एक लेकरू हवं होतं. तिनं मला कधी बोल लावला नाही, पण तो दिवस मी विसरलेली नाही.

गाव त्या पोराशी बोलतं ते "ये, बस, चहा घे" एवढंच. त्याला कुठं दुखतं, कशाची भीती वाटते, हे गावाला माहीत आहे का?

बारावीनंतर मुंबईला जाऊन डिप्लोमा केला, तेव्हा कळलं की मी जन्मापासून वापरत होते त्या भाषेला व्याकरण आहे. "कुठे", "काय" शेवटी येतं. भुवया वर गेल्या की हो-नाहीचा प्रश्न होतो. आणि स्वतःला न कळलेलं वाक्य पुढे सरकवायचं नाही, समोरच्याला थांबवून विचारायचं. त्या दवाखान्यात मला नेमकं हेच माहीत नव्हतं. हा डिप्लोमा आपल्याकडच्या कॉलेजांत, मराठीतून आणि कर्णबधिर शिक्षकांकडून शिकवला गेला पाहिजे.

आणि "मुका" लिहू नका. माझे बाबा दिवसभर बोलतात, हातांनी.

पुसदकर:
ताई, आईंचं वाचून वाईट वाटलं. शब्द चुकला, मान्य. पण माझा मुद्दा तसाच आहे. डिप्लोमा करणारे मुंबई, पुणे, दिल्लीत थांबतात. आमच्या तालुक्यात रात्री दोन वाजता बाळंतपण अडलं तर कोण येणार? आशाताई येते. तिला काहीच न शिकवण्यापेक्षा पंधरा दिवस बरे. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा खुणांचा शब्दकोश २०२१ मध्येच १०,००० शब्दांवर गेला, तोही फुकट, मोबाईलवर. मग कॉलेजच कशाला?

वर्धेकर:
मराठी-जर्मन शब्दकोश हातात दिला तर तुम्ही जर्मन माणसाला ऑपरेशनचे धोके समजावून सांगाल का?

पऱ्हाटी:
माह्या भावाचं सांगतो. चौतीस वर्साचा हाय, शाळेत कधी गेलाच नाई. वावराच्या वाटणीची केस चालू हाय. कोर्टानं सांगतलं, तुमचा सोताचा हिस्सा हाय, तुमी दुभाषा नाई होऊ शकत. नागपूरहून शिकलेला माणूस आला. हात चालवले, भावानं नुसतं पाह्यलं. एक अक्षर समजलं नाई त्याले. आमच्या घरी दोन बोटं कपायावर ठेवली का लाल्या बैल, पोटावर हात फिरवला का मोठी वहिनी. हे कोन्त्या कॉलेजात शिकवते? म्हणून म्हणतो, घरचाच मानूस पायजे.

निवृत्त शिक्षक:
हाच परिणाम असतो लहानपणी खुणांवर सोडून दिलं की. मी अठ्ठावीस वर्षं निवासी कर्णबधिर विद्यालयात शिकवलं. मेणबत्ती समोर धरून "प" म्हणायला लावायचं, ज्योत हलली की बरोबर. गळ्यावर हात ठेवून "ग" शिकवायचा. एका अक्षराला कधी दोन महिने लागत. माझे विद्यार्थी आज एसटीत तिकीट मागतात, दुकानात बोलतात. पोराला हात वापरायची सवय लागली की ते ओठांकडे बघतच नाही. दुभाषे तयार करण्यापेक्षा वाचाउपचार तालुक्यात आणा.

वर्धेकर:
सर, माझे बाबा अशाच शाळेत होते. वर्गात हात हलवला की पट्टी बसायची. रात्री दिवे गेले की पोरं एकमेकांच्या तळहातावर खुणा करत. १८८० साली मिलानच्या परिषदेत ऐकू येणाऱ्या शिक्षकांनी ठरवलं की बहिऱ्यांनी बोललंच पाहिजे, आणि त्याची पट्टी शंभर वर्षांनी वर्ध्यातल्या पोराच्या बोटांवर पडली. बाबांना "पाणी" म्हणता येतं. सातबारा वाचता येत नाही. आठ वर्षं उच्चारातच गेली.

निवृत्त शिक्षक:
तुम्ही एका घरावरून सगळ्या शिक्षकांना मारकुटे ठरवताय. सुट्टीत घरी न जाता आम्ही पोरांसोबत पोळा केला आहे. तोरणं बांधली, मातीचे बैल केले. मुंबईत दोन वर्षं राहून आलेल्यांनी आम्हाला शिकवू नये.

वडशाची आई:
सर, रागावू नका, पण मला बोलू द्या. माझ्या मुलीला कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेनं कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र, बसवलं. शस्त्रक्रिया सरकारी योजनेतून झाली. त्यानंतर वडशाहून नागपूर, दर आठवड्याला थेरपी, धान कापणीच्या दिवसांतसुद्धा. पहाटेची गाडी, रात्री परत. यंत्राची वायर तुटली की महिना महिना लेकरू बहिरं. थेरपीत सांगितलं, खुणा अजिबात करू नका, म्हणून मी तिचे हात धरून ठेवायचे. आता ती नऊ वर्षांची आहे. थोडं ऐकते, थोडं बोलते, पण शाळेत आज काय झालं हे मला सांगू शकत नाही. मला दोन्ही हवं होतं. एक निवडा असं मला का सांगितलं गेलं?

निवृत्त शिक्षक:
ताई, तुम्हाला उत्तर देणं अवघड आहे.

पट्टी मीही मारली आहे. ते चूक होतं. वाचाउपचार सोडावेत असं मी आजही म्हणणार नाही, पण पोराचे हात बांधायला नको होते, एवढं मान्य करतो.

पुसदकर:
मूळ मुद्दा बाजूलाच राहिला. माझंही थोडं मागे घेतो. आशाताईंना नाव, पत्ता, कुठं दुखतं, कधीपासून, इथवर शिकवा. संमतीच्या कागदावर अंगठा घ्यायचा असेल तर शिकलेला दुभाषाच हवा. पण तो शिकून परत गावाकडे येईल याची हमी कोण देतो?

वर्धेकर:
मी आले परत. हमी पगारानं मिळेल. जिल्हा रुग्णालयात आणि जिल्हा न्यायालयात कायमचं पद असेल तर आपल्या भागातली पोरं इथंच थांबतील. सध्या मला कामाचा निरोप येतो, मानधन विचारलं की फोन बंद होतो.

पऱ्हाटी दादा, कोर्टाचं बरोबर होतं. वाटणीत तुमचा हिस्सा आहे, भावाचं म्हणणं तुमच्या तोंडून यायला नको. पण तुमचंही बरोबर आहे. शाळेत न गेलेल्या माणसासमोर आमची शिकलेली भाषा अपुरी पडते, ते त्या दुभाष्यानं तिथंच कोर्टाला सांगायला हवं होतं. अशा वेळी एक कर्णबधिर माणूस सोबत घ्यायचा असतो. तो घरच्या खुणा, हावभाव, नक्कल, चित्र यांतून वाट काढतो, मग आम्ही ते मराठीत सांगतो. माझे बाबा हे फार चांगलं करतात, पण त्यांच्याकडे कागद नाही. कर्णबधिरांनी ही भाषा शिकवावी यासाठीचा डिप्लोमाही आहे. तोही आपल्याकडे हवा. दुभाष्याच्या मदतीनं घेतलेल्या जबाबाचं चित्रीकरण करावं असं कायद्यातच आहे, ते वकिलांना आठवणीनं मागायला सांगा.

पऱ्हाटी:
चित्रीकरनाचं कोनीच सांगतलं नव्हतं. तुमचे बाबा कोर्टात चालतीन काय, कागद नसला तर?

वर्धेकर:
ते न्यायाधीश ठरवतील, आधी अर्ज द्यावा लागेल. पण त्याआधी भावाची आणि बाबांची भेट व्हायला हवी. दोघं एकदा बसले की किती जमतं ते कळेल.

पऱ्हाटी:
मंग रईवारी या. स्टँडवर घ्याले येतो. लाल्याले बी दाखवतो बाबाले, तिथूनच सुरू करतीन ते.