मदत हवी आहे: वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत वरण ४८ अंशांवर

धुळ्याजवळचा वृद्धाश्रम, माणसं ३५. स्वयंपाक साडेदहाला तयार, पंगत साडेबाराला. खाली पातेल्यात वरण ८० अंश सेल्सिअस, वर शेवटच्या खाटेपर्यंत ४८. बेन-मारी (गरम पाण्यावर अन्न गरम ठेवणारं भांडं) नाही. किती तापमान धरायचं? उरलेलं वरण-भात रात्री चालेल का?

उत्तर १
ताई, ४८ कुठे मोजलं, ताटात की वर नेण्याच्या डब्यात? ताटात असेल तर तक्रार फक्त चवीची, कारण ते लगेच पोटात जातं. डब्यात मात्र शेवटच्या वाढणीपर्यंत ६० च्या वर हवं. त्याखाली जंतू वाढायला लागतात. मोजण्याआधी वरण ढवळा आणि प्रोब (थर्मामीटरची सळई) मधोमध धरा, तळाला टेकवू नका. गन थर्मामीटर नुसती वरची साय मोजतो. थर्मामीटर बरोबर आहे का ते तपासा: बर्फ-पाण्याच्या काल्यात प्रोबने ० दाखवलं पाहिजे.

धागाकर्ती
डब्यात ५७, ताटात ४८.

उत्तर १
मग डबाच सुधारा. थर्मासच्या डब्यात उकळतं पाणी १० मिनिटं ठेवून ओता, मग उकळतं वरण काठोकाठ भरा. अर्धा डबा लवकर निवतो, म्हणून एका मोठ्याऐवजी मजल्यागणिक एक छोटा. भात शेवटी, साडेअकराला लावा. खरं तर दोन तास आधी स्वयंपाक उरकायची घाईच कशाला?

उत्तर २
रात्रीसाठी भात ठेवूच नका. त्यातल्या बॅसिलस सेरियस या जंतूचं विष पुन्हा उकळूनही जात नाही. खिचडी ताजीच टाका.

वरण ठेवायचंच तर परातींत दोन बोटं थर, खाली बर्फाचं पाणी. ६० वरून २१ वर २ तासांत, पुढच्या ४ तासांत ५ वर, मग फ्रीज. "ओट्यावर निवेल" हे मे महिन्यात विसरा, आपल्याकडे स्वयंपाकघरच चाळिशीच्या वर असतं. वाढताना गॅसवर उकळी आणा: मधोमध ७५, तिथे २ मिनिटं. गरम डब्यात घालून अन्न पुन्हा तापत नाही, डबा फक्त आहे ती ऊब धरतो. एकदा तापवलेलं उरलं तर टाकायचं.

उत्तर ३
ज्यांना भरवावं लागतं त्यांच्यासाठी उलटी काळजी. ६० अंशांचं वरण तोंड पोळवतं, आणि लकवा झालेल्या माणसाला कित्येकदा ते सांगताही येत नाही. वाटीत काढून ढवळा, भरवणाऱ्याने मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघावं. वरणासोबत बट्टी (कणकेचा गोळा) असेल तर ती कुस्करूनच द्या. वरण कोमट झालं तरी तुपात तळलेल्या बट्टीचं पोट बराच वेळ चटका देतं.