चाइल्डिश की चाइल्डलाइक?

प्रश्न: भाचीच्या शिफारसपत्रात मी कौतुकानं 'चाइल्डिश उत्साह' लिहिलं. तिच्या बाईंनी त्याखाली लाल रेघ ओढली. काय चुकलं?

उत्तर: ताई, 'चाइल्डिश' म्हणजे पोरकट, तो दोषच. निरागसपणासाठी 'चाइल्डलाइक' लिहा. 'प्युएराइल' तर आणखी बोचरा. मूळ लॅटिन 'पुएर', म्हणजे मुलगा.

दुसरं उत्तर: मला 'कॅलो' फार आवडतो. जुन्या इंग्रजीत 'कालु' म्हणजे टकला. त्यावरून पंख न फुटलेलं पिल्लू, मग अननुभवी तरुण. आमच्या वळचणीतून चिमणीचं असं पिल्लू पडलं होतं. गुलाबी, नुसती कातडी. तेव्हा शब्द खरा कळला. 'नाईव्ह' मात्र पन्नाशीतलाही असतो, भोळा.

प्रश्नकर्ती: आणि 'ज्युव्हेनाइल'?

पहिले उत्तरकर्ते: कायद्यात अल्पवयीन, टोमण्यात पोरकट. पत्रात नकोच.

प्रश्नकर्ती: आजच बदलते.